सातवीच्या वर्गाची परदेशी पत्रमैत्री: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. सातवीच्या वर्गात ३८ मुलं. परदेशातल्या एखाद्या शाळेशी पत्रमैत्री सुरू करायची त्यांची इच्छा आहे. पण मुलांचं इंग्रजी कच्चं, मुख्याध्यापकांना सुरक्षिततेची काळजी, आणि पालकसभेत एकांनी विचारलं, ‘व्हॉट्सॲपच्या जमान्यात पत्रं कशाला?’ सुरुवात कशी करायची आणि यातून मुलांना दुसऱ्या देशाची संस्कृती खरंच कळते का, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, इंग्रजीची काळजी सगळ्यांत शेवटी करा. माझा पहिल्या वर्षीचा उपक्रम बुडाला तो पत्रांतलं इंग्रजी फार चांगलं होतं म्हणून.

झालं असं, की मी फळ्यावर एक नमुना पत्र लिहिलं. भारत हा विविधतेत एकता असलेला देश आहे, आमच्या शहरात अंबाबाईचं देऊळ आणि रंकाळा आहे, माझा छंद वाचन आहे. बेचाळीस मुलांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली आपापलं नाव घातलं. एकही चूक नव्हती. वाचनाचा छंद असलेलं पोरही बहुधा एकच होतं. महिन्याभरानं पलीकडच्या शाळेतल्या बाईंचं उत्तर आलं: सगळ्या वर्गाला मिळून एक पान, अतिशय सभ्य. त्यांची तरी काय चूक? त्यांच्या हातात एकच पत्र पडलं होतं, बेचाळीस वेळा. त्या पानाची झेरॉक्स काढून मी वाटली, तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘सर, ह्यात माझं नाव कुठाय?’

तेव्हापासून मी फळ्यावर पत्र लिहीत नाही, प्रश्न लिहितो. तेही देशाबद्दलचे नाहीत. दप्तर उघड, आत काय काय आहे? काल रात्री काय जेवलास आणि ते कुणी केलं? शाळेत येताना उजव्या हाताला काय काय लागतं? घरात सगळ्यांत आधी कोण उठतं? यातल्या दोनच प्रश्नांची उत्तरं आधी मराठीत लिहायची, जेवढी लांब होतील तेवढी. मग त्यातली सहा-सात वाक्यं इंग्रजीत. आणि शेवटी समोरच्याला एक प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही. ‘तुमच्या देशाची राजधानी कोणती’ हा प्रश्न बाद. ‘तू शाळेला उशिरा पोचलास तर काय होतं’ हा चालतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर त्यातच आहे. पन्हाळ्याच्या बाजूचा एक मुलगा होता, घरचं गुऱ्हाळ. इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायचा नाही. ‘शाळेतून गेल्यावर काय करतोस’ या प्रश्नावर त्यानं मराठीत चार पानं लिहिली: चिपाडं वाळवून चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, कशी सारतात, रस काहिलीत (मोठ्या कढईत) उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालतात, मग मळी वर येते ती कशी काढायची, आणि गूळ तयार झाला हे गूळ करणारा गुळव्या थेंब पाण्यात टाकून कसा ओळखतो. चुलवाण, काहील, गुळव्या या शब्दांना इंग्रजी शब्द त्याच्याकडं नव्हते, माझ्याकडंही नव्हते. त्यानं चित्र काढून बाण दाखवले.

पत्र पोलंडला गेलं. उत्तर आलं त्यात एका जाडजूड पांढऱ्या कंदाचं चित्र होतं. तो पोलिश मुलगा लिहीत होता की आमच्या गावाजवळही साखर कारखाना आहे, पण ऊस मी कधी बघितलेला नाही, आमची साखर बीटापासून होते. आमच्या वर्गाला ते पटेना! ज्यांच्या घरी कारखान्याचं बिल आणि ऊसतोडीची टोळी हेच विषय जेवताना चालतात, त्या पोरांच्या डोक्यात साखर म्हणजे ऊस आणि विषय संपला. एकजण म्हणाला, ‘बीट तर लाल असतंय, मग साखर लाल का न्हाई?’ मग साखरेचं बीट वेगळं, पांढरं असतं, पोलंड हा त्याचं मोठं उत्पादन घेणारा देश आहे, थंड हवेत ऊस का येत नाही, हे सगळं मला सांगावं लागलं. पुढच्या पत्रात आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्याकडंही शरद ऋतूत बीटाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर चिखल होतो आणि मोठी माणसं वैतागतात. आपल्या गळीत हंगामासारखंच, फक्त चिखलाच्या जागी आपल्याकडं उसाची वाडी, म्हणजे शेंड्याची पानं, पडलेली असतात. संस्कृती कळते का, असं तुम्ही विचारलंत. त्या दिवशी माझ्या वर्गाला पोलंड कळला नाही. पोलंडमधलं एक गाव थोडंसं कळलं, आणि आपलं जरा जास्त.

आता इंग्रजीकडं येतो. जोडीदार शाळा शक्यतो इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशातली बघा. पोलंड, जर्मनी, जपान, फिनलंड, ब्राझील, कुठलीही चालेल. तिथल्या मुलांनाही शब्दकोश लागतो, तीही चुकतात, त्यामुळं आपली पोरं बुजत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेच्या शाळेशी जोडलं की पहिल्या पत्रातच आपल्याकडं न्यूनगंड आणि तिकडं शिकवण्याची हौस सुरू होते. निदान माझा अनुभव असा.

चुका किती सुधारायच्या? ज्या चुकीमुळं अर्थाचा अनर्थ होईल तेवढीच. एका मुलीनं ‘आई माझं डोकं खाते’ हे शब्दाला शब्द ठेवून लिहिलं होतं. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. पोलिश मैत्रिणीचं उत्तर आलं की तुझी आई डोकं खाते म्हणजे काय ते मला कळलं, आमच्याकडं आई डोकं वाळवते. पोलिशमध्ये कुणी सारखी कटकट केली की तो ‘डोकं वाळवतो’, अशी खरोखरच म्हण आहे. मी ते वाक्य ‘शुद्ध’ केलं असतं तर हे हाती लागलं नसतं.

प्रत्येक पत्रात एक ओळ देवनागरीत ठेवाच: स्वतःचं नाव आणि समोरच्याचं नाव. यात तास रंगतो. पोलिश लिपीत इंग्रजी एलवर तिरकी रेघ असली की त्याचा उच्चार ‘व’च्या जवळचा होतो, आणि डब्ल्यूचा होतो ‘व्ह’. त्यामुळं वर्गानं जे नाव महिनाभर ‘लुकास’ म्हणून वाचलं ते निघालं ‘वूकाश’. देवनागरीत ते सरळ लिहिता येतं हे कळल्यावर पोरांची छाती फुगली. उलट ‘कोल्हापूर’मधला ‘ल्ह’ काही केल्या तिकडं जमेना.

पाकिटावरचा पत्ता मुलांकडूनच लिहून घ्या. तुम्ही भूगोल घेत नसलात तरी हा भूगोलाचा धडा आहे. आपल्या पिनकोडमधल्या ४१६ या आकड्यांचा अर्थ शोधायला सांगा. आजोळ सांगली किंवा सावंतवाडीकडं असलेल्या मुलांच्या लगेच लक्षात येतं की तिकडचाही पिनकोड ४१६ नंच सुरू होतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले आपलेच मराठी अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. जपानी पत्ता आपल्या उलट चालतो: आधी सात आकडी कोड, मग प्रांत, शहर, वॉर्ड, इमारतीचा क्रमांक आणि सगळ्यांत शेवटी माणसाचं नाव. बहुतेक ठिकाणी रस्त्याचं नावच नसतं. आमच्या एका मुलीची टिप्पणी अशी, ‘म्हणजे त्यांच्यात माणूस शेवटी आणि आमच्यात पहिला.’ यावर पोरांनी अर्धा तास वाद घातला. मी मधे पडलो नाही.

आकड्यांवरून गोंधळ होतात तेही होऊ द्या. एका जर्मन मुलानं लिहिलं, मला गणितात १ मिळाला. आमच्या पोरांना त्याची दया आली, दोघांनी धीर देणारी पत्रंही लिहिली. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सपशेल नापास. त्याच्या शेजारच्या पोलंडमध्ये नेमकं उलट, ६ सगळ्यांत वर. धीर देणारी पत्रं मी पाठवू दिली. तो मुलगा पुढं दोन वर्षं लिहीत होता.

वेळापत्रक मात्र आधी पक्कं करा, इथं बहुतेक उपक्रम मरतात. आपली शाळा जूनमध्ये भरते तेव्हा युरोपातल्या शाळा सुट्टीवर निघालेल्या असतात. पोलंडची शाळा १ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. जपानचं वर्ष एप्रिलमध्ये, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या शेवटी. म्हणजे युरोपशी जोडलंत तर खरी खिडकी सप्टेंबर ते मार्च, त्यात आपली दिवाळी आणि त्यांचा नाताळ. एका वर्षात तीन फेऱ्या झाल्या तरी भरपूर. माझा क्रम असा: जुलै-ऑगस्टमध्ये मराठी मसुदे आणि पत्त्यांचा सराव, गणपतीनंतर पहिलं पाकीट, दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं, संक्रांतीच्या सुमारास तिसरं. पाकीट कधी दहा दिवसांत पोचतं, कधी दीड महिना लागतो. हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज सकाळी तुमचं डोकं वाळवतील.

सगळी पत्रं एकाच मोठ्या पाकिटात घालून समोरच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा. खर्च आटोक्यात राहतो. ए-फोरचा साधा कागद पाच ग्रॅमचा असतो, म्हणजे ३८ पत्रांचे १९० ग्रॅम अधिक पाकीट. हे गणित मुलांनाच करायला लावा आणि मग पोस्टाच्या काट्यावर ताडून बघा. दर काउंटरवर विचारून घ्यायचा, तो बदलत असतो. समोर बावीसच मुलं असली तर काय? आपल्या दोघांची जोडी करून एकाला लिहायचं. अशा जोड्यांमधून उलट चांगली पत्रं निघतात.

पाकिटात कागदाशिवाय काही नको. गूळ नको, मसाला नको, राखी-पैंजण नको. भेटवस्तू सुरू झाल्या की ज्याच्या घरी परवडतं त्याचं पत्र भारी ठरतं. दुसरी गोष्ट, वनस्पतीचं तर काहीच नको. एका वर्षी दसऱ्यानंतर ऑस्ट्रेलियाला पत्रं जायची होती आणि एका पोरीनं गुपचूप आपट्याचं पान घातलं होतं, ‘सोनं’ म्हणून. ऑस्ट्रेलिया बियाणं, पानं, वाळकी फुलं यांबाबत भलतीच कडक आहे, तसलं काही सापडलं की जप्त होतं. पाकीट चिकटवण्याआधी माझ्या हाताला ते पान लागलं. ती रडवेली झाली. मग पानावर कागद ठेवून मेणाचा खडू घासला. शिरांसकट पान कागदावर उतरलं, आणि खाली तिनं लिहिलं की हे आमचं सोनं आहे, घ्या आणि सोन्यासारखं राहा. त्या वर्षी सगळ्या वर्गानं तसं केलं.

मुख्याध्यापकांना पुढच्या गोष्टी लेखी द्या. पत्ता फक्त शाळेचा, दोन्ही बाजूंनी. पत्रात मुलाचं पहिलं नाव पुरे. घरचा पत्ता, फोन नंबर, इन्स्टाचं नाव काहीही नाही. फोटो पाठवायचाच तर वर्गाचा, आणि तोही पालकांना विचारून. आलेलं आणि जाणारं प्रत्येक पत्र शिक्षक वाचतील, हे मुलांना उघडपणे सांगायचं. चोरून वाचायचं नाही. पत्रं स्कॅन करून मेलनं पाठवणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवा: १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मी कागदी पत्रांसाठीही मराठीत एक पानी संमतीपत्र घेतो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडून नोंद करून घेतो. एवढं केलं की मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडतो.

जोडीदार शाळा कुठून मिळवायची? आमच्या लहानपणी फिनलंडमधल्या तुर्कू शहरातली इंटरनॅशनल युथ सर्व्हिस होती. फॉर्मवर वय, छंद आणि देश भरला की एक पत्ता यायचा. १९५२ मध्ये सुरू झालेली ती सेवा २००८ मध्ये बंद पडली. आता शाळांसाठी आय-अर्न हे जाळं आहे, १९८८ पासूनचं. तिथं शिक्षक शिक्षकाशी जोडला जातो आणि प्रकल्प ठरवून काम होतं. पण माझा अनुभव विचाराल तर सर्वांत टिकाऊ जोडणी ओळखीतून होते. कोल्हापुरात असं घर दाखवा ज्याचा भाचा-पुतण्या बाहेरगावी नाही! तिकडं राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाची वर्गशिक्षिका गाठा. आमचा पोलंडचा धागा तसाच जुळला. जोडी ठरवण्याआधी त्या शिक्षिकेशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला आणि स्पष्ट विचारा की पुढच्या वर्षी तुम्ही याच वर्गाला असाल का. बदली झाली की धागा तुटतो. हे माझ्या बाबतीत तीनदा झालंय.

पोलंडचं नाव वारंवार येतंय, तर वळिवड्याबद्दल बोलायलाच हवं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत मुलुखात हद्दपार झालेली, तिथून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले आणि आज आपण कापडखरेदीला जातो ते गांधीनगर तिथंच उभं आहे. महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे, वॉर्सामध्येही ‘कोल्हापूर’ नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं भेट दिली तेव्हा आपल्याकडं बातम्या झाल्या. पोलिश शाळेशी जोडलंत तर हा विषय निघणारच, पण पहिल्या पत्रात नको. आमच्या पोरांनी एकदा ‘आम्ही तुमच्या लोकांना आसरा दिला’ असं सुरुवातीलाच लिहिलं. ते मी जाऊ दिलं नाही, मी अडवलेलं ते पहिलंच पत्र. त्याऐवजी पोरांना महावीर उद्यानात नेलं आणि गांधीनगरात दुकान असलेल्या एका आजोबांशी बोलायला लावलं. त्यांचे आईवडील सिंधमधून आले होते. मग पत्रं गेली ती एकाच जागेवर दोन देशांतली घर सुटलेली माणसं कशी राहून गेली याबद्दल. त्यांची उत्तरं मी अजून जपून ठेवली आहेत.

चमत्कारिक प्रश्न येतात, त्यांना चिडू नका. ‘तुमच्याकडं हत्ती असतात का?’ हा ठरलेला. वर्ग खवळला, की आम्हाला काय जंगलातलं समजतात काय. इतक्यात आजऱ्याकडं आजोळ असलेला एकजण शांतपणे म्हणाला, ‘सर, आमच्या मामाच्या उसात येतोय की.’ आजरा-चंदगडला रानहत्ती येतात हे खरंच आहे. त्यानं तसं लिहिलं, नुकसानीच्या पंचनाम्यासकट. आपली पोरंही काही कमी नाहीत. ‘तिकडं गरीब माणूस असतो का?’ हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

एखादं पत्र अवघड येतं. फिनलंडच्या एका मुलीनं सहज लिहिलं होतं, मी एक आठवडा आईकडं राहते आणि एक आठवडा बाबांकडं, माझ्याकडं दोन टूथब्रश आहेत. तिच्या दृष्टीनं ती दप्तरात काय आहे यासारखीच माहिती होती. मी पत्र आधी वाचलं होतं आणि वर्गात वाचायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी ज्या मुलीसाठी होतं तिलाच दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि उत्तरात लिहिलं की माझी आई आजीकडं असते, मी दिवाळीला जाते. हे तिनं शाळेत कुणाला सांगितलेलं नव्हतं. मलाही नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲपचं उत्तर साधं आहे. कॉल करू या की, पण तिसऱ्या पत्रानंतर, जेव्हा मुलांकडं बोलायला काही असेल. हिवाळ्यात पोलंड आपल्या साडेचार तास मागं असतो, त्यांच्या सकाळच्या साडेआठला आपल्याकडं दुपारचा एक. मधल्या सुट्टीत जमतं. मी पत्रांआधी कॉल करून बघितलाय. दोन्हीकडून हात हलवले, ‘हाय’ झालं, आणि वीस मिनिटं फुटबॉलपटूंची नावं घेण्यात गेली. पेठेतली पोरं, त्यांनी कोल्हापूरच्या पीटीएम या फुटबॉल संघाचाही उल्लेख केला. समोर कुणाला कळलं नाही.

बक्षीस-प्रमाणपत्र मागणारे पालक असतील तर जागतिक टपाल संघाची ९ ते १५ वयोगटासाठीची पत्रलेखन स्पर्धा आहे, १९७१ पासून चालू. भारतात ती टपाल खात्यामार्फत होते. ती वेगळी ठेवा, पत्रमैत्रीत गुण आणू नका.

आणि पहिलं पाकीट टाकायला ३८ मुलांना घेऊन पोस्टात जाणार असाल, तर आदल्या दिवशी पोस्टमास्तरांना सांगून ठेवा आणि अकराच्या आत जा, पेन्शनच्या दिवशी नको. मी पेन्शनच्याच दिवशी गेलो होतो. रांगेतल्या एका आजींनी सगळ्या पोरांना विचारलं, कुणाला पत्र टाकताय? पोरांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्यास्नी म्हणावं जेवलासा का.’ ते वाक्य त्या पाकिटात जायचं राहिलं, दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी लिहिलं.